दोरीच्या अलीकडचा आवाज

परवा आठ नंबर निवृत्त झाला आणि आमच्या घरात सुतक पडलं. म्हणजे शिरीषला पडलं. मी व्यवस्थित जेवले. माझ्या नवऱ्याने इतक्या वर्षांत ज्या माणसाचं नाव म्हणून घेतलं नाही, नुसतं 'आठ नंबर' म्हणत आला, तो इंग्लंडच्या फुटबॉल टीमचा मिडफिल्डर शेवटची मॅच संपल्यावर हात हलवत मैदानाला चक्कर मारत होता, आणि हा इकडे रीडिंग गावात आमच्या सोफ्याच्या कडेला बसून डोळे पुसत होता. मी म्हटलं, "अरे, रिटायर झालाय तो. आता गोल्फ खेळेल, मुलांना शाळेत सोडेल. रडतोस काय?" तर म्हणतो, "तुला नाही कळायचं."

कळतं की! चांगलंच कळतं. त्या माणसाची सगळी कारकीर्द मी इस्त्री करता करता पाहिली आहे. उत्तरेकडच्या कुठल्याशा पावसाळी गावातून आलेलं ते हाडकुळं पोर पहिल्यांदा उतरलं तेव्हा मी म्हटलं होतं, याला आधी कुणीतरी जेवायला घाला. मग तो इंग्लंडचा कॅप्टन झाला. मग फायनल हरला आणि गवतावर तसाच बसून राहिला, तेव्हा शिरीष दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला नाही. मग गुडघे कुरकुरायला लागले, बाकावर बसायची पाळी आली. शेवटची वीस मिनिटं उरली की उठायचा, मोजे वर ओढायचा आणि आत जायचा. तो आत गेला की सगळा खेळ गॅस बारीक केल्यासारखा शांत व्हायचा.

परवा टीव्हीवर त्याचे गोल दाखवले, एकामागून एक, वर संगीत लावून. मी मात्र त्याच्या मानेची वाट बघत होते. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी हा माणूस खांद्यावरून मागे बघायचा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, पुन्हा उजवीकडून. मागे कोण आहे, कोण धावत येतंय, कोण मोकळं उभं आहे, हे सगळं त्याला बॉल पायात पडायच्या आधीच ठाऊक असायचं. फुटबॉलवाले त्याला स्कॅनिंग म्हणतात. शिरीष मोठ्याने मोजायचा, "एक, दोन, तीन... बघ, चार वेळा बघितलं!" पण टीव्हीवर ते फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो आणि हा बॉल नसताना काम करतो. परवाच्या त्या दहा मिनिटांत एकदाही त्याची मान दाखवली नाही. मला रागच आला.

तेवढ्यात साउथहॅम्प्टनहून ऋचाचा फोन. आमची मुलगी तिथे युनिव्हर्सिटीत आहे, बुधवारी त्यांच्या टीमकडून खेळते. "आई, बाबा रडतोय ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

"रडतोय. तू?"

"थोडासा," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी उगीचच तिच्या वॉशिंग मशीनबद्दल बोललो.

इकडे इंग्लंडात मे महिना फार सुरेख असतो, आणि मला तो अजिबात आवडत नाही. कुंपणांवर पांढरी फुलं येतात, लोक बागेत खुर्च्या काढतात, शेजारच्या बाई न चुकता म्हणतात, "लव्हली, इझन्ट इट?" मी मान हलवते. पण गोलपोस्टच्या जाळ्या काढून गवतावर टाकलेल्या दिसल्या की मी आजही रस्ता बदलते. ऋचा शाळेत असताना इथल्या एका फुटबॉल अकॅडमीत होती. सीझन संपला की अकॅडमीवाले मुलींना एकेक करून आत बोलावतात आणि सांगतात, तुला ठेवतोय, किंवा तुला ठेवत नाही. ऋचा चौदा वर्षांची होती तो मे मला अजून पुसून टाकता आलेला नाही.

माझा आवाज मोठा आहे. लपवण्यात अर्थ नाही. मी मिरजेची, शाळेत सहा वर्षं खो-खो खेळलेली. खो-खोत आमच्या टीमची मुलगी आत पळत असली की बाहेर बसलेल्या आम्ही सगळ्या तिचे डोळे व्हायचो. "वळ!", "खांबाकडे जा!", "मागे आली, मागे आली!" बाहेर बसून एखादी गप्प राहिली तर बाई तिलाच झापायच्या, "तोंडात काय गूळ धरलायस का?" पळणारीने पळायचं आणि बाहेरच्यांनी बघायचं, हे माझ्या अंगात असं मुरलेलं, की दुसरी काही रीत असू शकते हे डोक्यातच आलं नाही.

आणि अकॅडमीत नेमकी दुसरीच रीत. आईवडिलांनी मैदानाच्या एका बाजूला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. टाळ्या वाजवा, 'वेल डन' म्हणा, पण खेळाडूला सूचना द्यायच्या नाहीत. मुलींनी स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं, चुकायचं असेल तर स्वतः चुकायचं. तसं लिहिलेल्या कागदावर मी सही केली होती. सही केली आणि पहिल्याच शनिवारी ओरडले, "ऋचा, मागे!" कुणी काही म्हटलं नाही. म्हणणार कसं? मराठी कुणाला कळत होतं? सगळ्यांना वाटलं, बाई हौशी आहे, लेकीला चिअर करतेय.

शेजारी नेहमी ग्रॅहम नावाचे एक गृहस्थ असायचे, त्यांची मुलगी गोलकीपर. त्यांनी एकदा फ्लास्कमधला चहा ओतता ओतता विचारलं, मागे म्हणजे काय हो? मी बेधडक सांगितलं, शाब्बास. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही, याची लाज मला बऱ्याच नंतर वाटली.

तर अशी तीन वर्षं गेली. "मागे!", "डावीकडे मोकळी आहे!", "सोड, सोड, आली ती!" मी सांगायची आणि ऋचा वळायची. बॉल आला की ती नेमकी मोकळ्या बाजूला निघायची, मागून धावत आलेली मुलगी हवेत पाय मारून पुढे जायची, आणि दोरीवर सगळे 'ऊऽऽ' करायचे. तिची कोच बेकी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, केस घट्ट बांधलेली, हसणं कमी. तिने ऑक्टोबरच्या रिपोर्टात लिहिलं की या मुलीला पाठीमागचं दिसतं. शिरीषने तो कागद फ्रिजवर लावला. त्याची खात्री होती, आठ नंबरच्या क्लिप्स दाखवून दाखवून आपण हे पोरीच्या मानेत उतरवलं. मी पोळ्या लाटत राहिले.

आणि मग फेब्रुवारीत तो मुका शनिवार आला. तशी इकडे पद्धत आहे, एखाद्या आठवड्यात आईवडिलांनी चकार शब्द काढायचा नाही. गेटवर प्रत्येकाच्या हातात एकेक लॉलीपॉप देतात, तोंड बंद ठेवायला. मीही घेतला, संत्र्याच्या चवीचा. गंमतच वाटली.

मॅच सुरू झाली आणि मला पहिल्यांदा मैदान ऐकू आलं. बुटांचा चिखलातला चपचप आवाज, मुलींचे श्वास, बॉलचा दबका ठोका. ऋचाकडे बॉल आला, ती वळली, आणि मागून आलेल्या मुलीने तो सहज काढून घेतला. असू दे, म्हटलं. पुन्हा बॉल आला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी ऋचा ज्या बाजूला वळली त्या बाजूला दोघी उभ्या होत्या. माझ्या दातांखाली लॉलीपॉप कडकन फुटला. चौथ्या वेळी बॉल तिच्याकडे येत होता, आणि तिने मान वळवली. मागे नाही. दोरीकडे. माझ्याकडे. माझी पोर भर मैदानात थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडात काडी होती.

मॅचनंतर बेकी आली. तिला काही समजत नव्हतं. गेल्या शनिवारी या मुलीला सगळं दिसत होतं, आज काहीच नाही. ऋचा एकदाही खांद्यावरून मागे बघत नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तिने शांतपणे सांगितलं की मेमध्ये रिव्ह्यू आहे, अठरापैकी बाराच मुली पुढे जातील, आणि न बघता मिडफिल्डमध्ये उभं राहता येत नाही.

गाडीत ऋचा म्हणाली, "तू का नाही बोलली?"

"आज बोलायचं नव्हतं, राजा. सगळ्यांनाच मनाई होती."

"But तू तर नेहमी बोलते!"

तिच्या आवाजात रडू होतं. राउंडअबाउटवर मी एक्झिट चुकले, पुन्हा एक फेरा मारला, पुन्हा चुकले. ती दुसरी फेरी मारताना मला लख्ख कळलं की मी काय करून ठेवलंय. तीन वर्षं मी मुलीला मदत करत नव्हते. मी तिच्या ऐवजी बघत होते.

शिरीषला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता. त्याला आधी कळेचना. मग कळलं तसा त्याने हातातलं ताट खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसला. "म्हणजे ते सगळं तू होतीस? ती बघतच नव्हती?"

"नव्हती."

"तू तिचे डोळे काढून घेतलेस," तो म्हणाला. अगदी हळू. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, मी शंभरदा त्याच्यावर ओरडले असेन, पण त्याने हळू आवाजात म्हटलेलं हे एक वाक्य मला जेवढं लागलं तेवढं दुसरं काही नाही. मी खूप भांडले. तू कुठे असायचास शनिवारी, मीच न्यायचे, मीच आणायचे, थंडीत मीच कुडकुडायचे. सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता.

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याच दिवशी लिहून कळवायच्या, यासाठी मला ऑफिसात मान आहे. बेकीला ईमेल मात्र मी तीनदा लिहिली आणि तीनदा पुसली. खरं सांगितलं तर ऋचा गेलीच, असं वाटायचं. नाही सांगितलं तरी जाणारच होती, फक्त उशिरा.

मग आमच्या मागच्या बागेत एक उद्योग सुरू झाला. शिरीष ऋचाच्या पाठीमागे उभा राहायचा, हातात रंगीत मोजे. मी समोरून बॉल ढकलायची. बॉल पोचायच्या आत तिने मागे बघून रंग सांगायचा. "हिरवा!", "लाल!", "निळा!" बागेत ती एकदाही चुकत नव्हती. शेजारच्या बाई कुंपणावरून टाळ्या वाजवायच्या. पण शनिवारी मैदानात उतरली की मान जागची हलत नसे. कान मात्र माझ्याकडे.

"तू घरीच थांब ना," शिरीष म्हणाला.

त्यावर ऋचा तडकली. "आई नाही आली तर मी खेळणार नाही. सांगून ठेवते." आणि ती खरंच खेळली नसती. हट्टी आहे. कुणावर गेलीय ते सांगायला नको.

मग मी तिला वचन दिलं. येईन, पण बोलणार नाही. तू स्वतः बघायचंस. ती हसली. "आई, तू? गप्प? As if!" मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी हाताची घडी घालून उभी राहिले, ओठ आत ओढून. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं मी टिकले. मग एक दांडगी मुलगी तिच्या पाठीवर चालून येताना दिसली आणि माझ्या घशातून आपोआप निघालं, "मागेऽऽ!" ऋचा झटक्यात वळली, सुटली, पास दिला, गोल झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋचाने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. तिचा चेहरा फुलला होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एप्रिलमध्येही तेच. कधी वीस मिनिटं टिकले, कधी सात. प्रत्येक वेळी गाडीत ती खुशीत गात असायची, आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून मे महिना किती जवळ आलाय ते मोजत असायची.

त्या दिवसांत मी शिरीषच्या शेजारी बसून आठ नंबरच्या मॅच बघायला लागले, इस्त्री बाजूला ठेवून. त्याची मान वळली की मला वाटायचं, याची आई कुठे उभी राहत असेल? हा चौदा वर्षांचा असताना ती काय करत असेल? तोंडात रुमाल कोंबत असेल का? की मुळातच शांत स्वभावाची असेल, ज्या बायकांना पाहून मला नेहमी थोडी चीड येते तशी? इतक्या वेळा मागे बघायला त्याला कुणी शिकवलं हे कधी कुणी सांगत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली, की हे शिकवून येत नसेल. मागून जोरात धक्का बसतो, माणूस चिखलात पडतो, आणि पुढच्या वेळी बघतो. आणि मी माझ्या पोरीला एकदाही पडू दिलं नव्हतं.

मेमधली ती शेवटची मॅच. तिच्यानंतर लगेच मैदानाशेजारच्या पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत, एकेकीला निकाल सांगणार होते. सकाळी ऋचाने धड टोस्टही खाल्ला नाही. तिला गेटवर सोडलं, गाडी लावली, आणि ग्रॅहमच्या शेजारची माझी जागा सोडून मी दोरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, कॉर्नरच्या झेंड्यामागे, जिथे कुंपणाची झुडपं फुटून आत आली होती. भुरभुर पाऊस होता. रेनकोटची टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि गळ्यातल्या स्कार्फचं टोक सरळ तोंडात धरलं. दातांत. आता ओरड म्हटलं तरी ओरडता येऊ नये म्हणून.

पहिल्या पाच मिनिटांत ऋचाचा बॉल दोनदा गेला. दुसऱ्या वेळी ती पडली, चांगली आपटली. उठता उठता तिने माझ्या नेहमीच्या जागेकडे बघितलं. तिथे ग्रॅहम एकटेच, फ्लास्क घेऊन. तिने दोरीवरून नजर फिरवली, एका टोकापासून निम्म्यापर्यंत. मी झुडपात आणखी मागे सरकले. काटे टोचत होते. तिचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अगं बाळा, इथे आहे मी, इथेच आहे. स्कार्फ लाळेने ओला झाला होता. मी रडत होते की पाऊस होता, मला माहीत नाही.

मग पुढची काही मिनिटं ती नुसतीच धावत राहिली, बॉलपासून लांब लांब. गेलं, मी म्हटलं. संपलं सगळं.

आणि तेव्हा तिच्याच टीमच्या डिफेंडरने बॉल तिच्याकडे ढकलला. लांबून येत होता, हळू, चिखलात अडखळत. मागून समोरच्या टीमची एक दांडगी मुलगी निघाली होती. मला सगळं दिसत होतं, डावी बाजू मोकळी, पूर्ण मोकळी. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, माझ्या घशात नुसता कल्लोळ. आणि ऋचाने मान वळवली. उजव्या खांद्यावरून. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. बॉलला तिने पाय लावलाच नाही, तसाच उजवीकडे जाऊ दिला आणि स्वतः त्याच्या मागे वळली. दांडगी मुलगी डावीकडे झेपावून पुढे गेली. उजवीकडे मैदानाच्या कडेच्या रेषेला चिकटून तिच्या टीमची एक मुलगी उभी होती, जी मला दिसलीच नव्हती. ऋचाला दिसली होती. मी ओरडले असते तर तिला चुकीच्या बाजूला पाठवलं असतं.

पुढचा सगळा वेळ ती बघत राहिली. दोनदा चुकली, तीनदा पडली, तरी बघत राहिली. बेकी वहीत काहीतरी लिहीत होती.

मॅच संपायच्या जरा आधी मी झुडपांच्या मागून गाडीत येऊन बसले. पाऊण तासाने पोर्टाकॅबिनचं दार उघडलं. ती चालत आली, धावत नाही. दार उघडून बसली, चिखलाने भरलेली. समोर बघत म्हणाली, "ठेवला मला. One more year."

मी तिला मिठी मारली. सीटबेल्ट आडवा येत होता, गिअर टोचत होता, आणि आम्ही दोघी हमसून हमसून रडलो.

मग नाक पुसत ती म्हणाली, "आई, तू कुठे होती? मी शोधली तुला. ग्रॅहमजवळ पण नाही. मला वाटला, तू गेली. तू असती तर ओरडली असती ना!" तिने बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली. "मग मी म्हटला, आता कोणीच नाही सांगायला. मग मीच बघितला."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगं, पूर्ण वेळ तिथेच होते, काट्यांत उभी होते, हा बघ माझा हात, हा बघ स्कार्फ. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून सलग सत्तर मिनिटं गप्प बसले होते आणि ते कुणीतरी बघायला हवं होतं. पण मी होते हे कळलं असतं, तर पुढच्या सीझनला तिने पुन्हा दोरीकडे बघितलं असतं.

"गेलेलीस ना तू?" तिने विचारलं.

"हो गं," मी म्हणाले. "दूध संपलं होतं, ते आणायला गेले होते."